पाण्यातली गाळपेर

विहिरीत आपण वरून डोकावतो, तळ्याकडे काठावरून पाहतो, नदी बघायची तर पुलाच्या कठड्यावर ओणवे होतो. पाण्याकडे पाहण्याची माणसाची रीत हजारो वर्षे अशी वरून खालीच राहिली. पाण्यालाही रंगमंचासारखी दर्शनी बाजू असू शकते, त्यात पुढचे आणि मागचे असा भेद करता येतो, ही कल्पना जेमतेम पावणेदोनशे वर्षांची आहे आणि ती काचेने दिली. आज हौशी मंडळींच्या मत्स्यपेटीत अगदी पुढे, काचेला लागून, दोन बोटे उंचीची वनस्पती हिरवळीसारखी पसरलेली दिसते. तिला ते ‘कार्पेट’ म्हणतात. या पाण्याखालच्या गालिच्याचा इतिहास सांगावा, असे येथे योजले आहे. त्या इतिहासाची काही पाने लंडनला लिहिली गेली, काही जपानात. पण त्याचे मूळ आपल्याच तळ्यांच्या काठी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे.

माशांचे कौतुक आपल्याला नवे नाही. बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ असे एक प्रकरणच आहे. माशांच्या जाती, त्यांचे खाद्य, गळ टाकण्याची रीत असे सारे त्यात येते. त्याच्या शतकभर आधी माळव्यात राजा भोज होऊन गेला. त्याच्या ‘समरांगणसूत्रधारा’त कारंज्यांची, धारागृहांची वर्णने आहेत आणि भोपाळचा मोठा तलाव परंपरेने त्याच्याच नावाने ओळखला जातो. चीनमध्ये सोनेरी मासा सुंग राजवटीत लाडका झाला. तोही कुंडात आणि मातीच्या घंगाळात. राजा असो की रंक, मासा दिसे तो त्याच्या पाठीकडून. तळाशी काय उगवते, हे पाहण्याचे कोणाला कारण नव्हते.

काच आली आणि चित्र पालटले. १८२९ च्या सुमारास लंडनचा डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड याने एका पतंगाचा कोश ओल्या मातीसह बाटलीत बंद करून ठेवला. कोशाचे काय झाले ते राहो, त्या मातीत नेच्याचे रोपटे उगवले आणि बंद बाटलीत वाढत राहिले. यातून ‘वॉर्डची पेटी’ निघाली. १८४५ साली इंग्लंडमध्ये काचेवरचा कर उठला व काच मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या भांड्यात दोन सोनेरी मासे, काही गोगलगायी आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवून दाखवले की, पाणी न बदलताही हा संसार चालतो. मासा जो वायू सोडतो तो वनस्पती घेते, वनस्पती सोडते तो प्राणवायू मासा घेतो आणि सडकी पाने गोगलगाय खाते. उन्हात हिरव्या पानांवर जे बुडबुडे येतात ते प्राणवायूचे, हे डच वैद्य इंगनहाउसने १७७९ सालीच दाखवून दिले होते. वॉरिंग्टनने त्यावर घर बांधले, एवढेच. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप गॉस याच्या पुस्तकाने ‘ॲक्वेरियम’ हा शब्द रूढ केला.

ही व्हॅलिस्नेरिया आपल्याला परकी नाही. तलावात फितीसारखी लांब पाने डोलवणारे हे शेवाळ भारतात सर्वत्र आहे. उत्तर भारतात तर या जातीच्या शेवाळाला एक कामही होते. खांडसारी साखर पांढरी करताना कच्च्या साखरेवर ओल्या शेवाराचे थर देत. त्यातून हळूहळू झिरपणारे पाणी काकवी धुऊन नेई. लंडनच्या दिवाणखान्यात जी नवलाची वस्तू ठरली, ती आमच्या कारखानदाराची गिरणीतली हमाल होती!

मात्र या पहिल्या मत्स्यपेट्यांचा तळ उघडाच असे. वाळू, चार शिंपले आणि मागे उंच शेवाळ. हिरवळ का नव्हती, हे समजून घेण्यासारखे आहे. खुज्या वनस्पतीला उजेड हवा असतो आणि पेटीच्या तळाशी तो सर्वांत कमी पोचतो. तिला कार्बन डायऑक्साइड हवा असतो आणि हा वायू हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या दहा हजारपट सावकाश तो पाण्यात पसरतो. आणि तिला मुळाशी खाणारी माती हवी असते. धुतलेल्या वाळूत तिचा उपास घडतो. उंच शेवाळ मान वर काढून उजेड गाठते. लहानाला ते साधत नाही. ट्यूबलाइट १९३८ साली बाजारात आली तेव्हा पहिली अडचण थोडी कमी झाली. बाकीच्या दोन तशाच राहिल्या. १९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाले, तेव्हापासून मराठी घरांच्या दोनतीन पिढ्या मुंबईच्या सहलीत त्या काचांपुढे उभ्या राहिल्या. भोपाळलाही धाकट्या तलावासमोर माशाच्याच आकाराची इमारत असलेले मछलीघर होते. ते आता राहिले नाही. या दोन्ही ठिकाणांहून परतलेल्या मुलांनी शाळेत निबंध लिहिले ते माशांवर. तळावर कोणी लिहिल्याचे स्मरत नाही.

तळाला मान दिला तो जपानच्या ताकाशी अमानो याने. १९५४ साली निगाता येथे जन्मलेला हा माणूस आधी सायकलशर्यतीचा व्यावसायिक खेळाडू, मग निसर्गाचा छायाचित्रकार. मोठ्या प्रतीच्या फिल्मवर अरण्ये टिपता टिपता त्याच्या मनात आले की, हेच दृश्य पाण्याखाली का उभे राहू नये? १९८२ साली त्याने स्वतःची कंपनी काढली. पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडण्याची साधने, भरपूर उजेड आणि भाजून दाणेदार केलेली माती, अशा तीन उपायांनी त्याने त्या तीन अडचणी सोडवल्या. पाण्यावर तरंगणारे रिक्सिया हे शेवाळासारखे झाड त्याने दोऱ्याने दगडांना बांधून तळाशी नेले. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाकडील ग्लॉसोस्टिग्मा ही इवलीशी वनस्पती पुढच्या भागात लावून कुरण उभे केले. दुपारी त्या हिरवळीवर इंगनहाउसचे तेच बुडबुडे मोत्यासारखे टपटप चढू लागले आणि जगभरचे शौकीन वेडे झाले. १९९२ पासून त्याची चित्रपुस्तके निघाली. २०१५ साली त्याने लिस्बनच्या मत्स्यालयात चाळीस मीटर लांबीचे पाण्याखालचे अरण्य रचले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो वारला. पुढे क्यूबातून आलेली, तीळभर पानांची हेमिअँथस, केसासारखी बारीक एलिओकॅरिस अशा नवनव्या वनस्पती या गालिच्यात विणल्या गेल्या.

आता या परक्या नावांच्या आत डोकावून पाहू. ग्लॉसोस्टिग्मा म्हणजे जिभेसारखी कुक्षी असलेली. अमानोने वापरलेली जात दक्षिण गोलार्धातली असली, तरी तिची सख्खी बहीण ग्लॉसोस्टिग्मा डायँड्रम आपल्या तळ्यांच्या ओल्या काठांवर राहते. या कुळाचे नामकरण १८३६ साली झाले ते मद्रास इलाख्यात नोकरी करणाऱ्या रॉबर्ट वाइट आणि त्याचा सहकारी वॉकर-आर्नट यांच्या हातून. रिक्सिया आपल्या डबक्यांतही तरंगते. एलिओकॅरिस लव्हाळ्याच्या कुळातली. तुकोबांनी ज्या लव्हाळ्याला लहानपणाचा मान दिला, त्याचीच पुतणी म्हणा. चार पानांची मार्सिलिया म्हणजे संस्कृतातील सुनिषण्णक, हिंदी मुलखातील चौपतिया. ती आजही भाजी म्हणून खातात. काठाच्या चिखलात पसरणारी बॅकोपा म्हणजे जलब्राह्मी. हिंदी भाषक शेजारी तिला जलनीम म्हणतो, आणि ‘ब्राह्मी’ म्हटले की पुष्कळदा मंडूकपर्णी आणून देतो. दोन भाषांच्या सीमेवर औषधाच्या बाबतीत सांभाळून बोलावे लागते ते असे. गालिच्यासाठी विकली जाणारी युट्रिक्युलेरिया ग्रॅमिनिफोलिया तर ‘सीतेच्या आसवां’ची नातलग आहे. साताऱ्याच्या कास पठारावर श्रावण-भाद्रपदात ती निळी-जांभळी आसवे पाहायला लोक गाड्या भरभरून जातात. तिचीच बहीण दिवाणखान्यात गवत म्हणून उभी आहे, हे त्यांतील किती जणांना ठाऊक असेल?

त्याच कासच्या डबक्यांत उगवणाऱ्या एका झाडाला आपल्या लोकांनी वायतुरा असे गोड नाव दिले. शास्त्राने त्याला १९८२ साली ‘सातारेन्सिस’ म्हणजे साताऱ्याचे म्हटले. ज्यांनी ते शास्त्रीय वर्णन केले, त्यांत पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात नावारूपाला आलेले डॉ. श्रीरंग यादव हे एक होते. म्हणजे आपल्या भाषेला पाणवनस्पती दिसत नव्हत्या असे नाही. फूल आले की ती नाव देते, भाजी किंवा औषध झाले तरी देते. ज्याला तुरा नाही, चव नाही, त्या तळच्या पसाऱ्याला मात्र आपण सरसकट ‘शेवाळ’ म्हणून मोकळे झालो. बाजाराने त्याच पसाऱ्याला वेगवेगळी नावे, वेगवेगळ्या डब्या आणि वेगवेगळे भाव दिले.

येथे भोपाळकडे वळतो, कारण हा गालिचा मी नीट पाहिला तो तेथल्या करोंदमध्ये. इतिहास वाचणाऱ्या मराठी माणसाला भोपाळ आठवते ते पहिल्या बाजीरावामुळे. डिसेंबर १७३७ मध्ये त्याने निजामाला तेथे कोंडले आणि पुढच्या महिन्यात दुराहा येथे तह करायला लावला. पण भोपाळात मराठी घरे वाढली ती मुख्यतः १९५६ नंतर. नागपूरचे राजधानीपण गेले, नव्या मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ झाली आणि कचेऱ्यांबरोबर कारकुनांचे संसारही ट्रंका बांधून तिकडे गेले. करोंद हे शहराच्या उत्तरेचे, बैरसिया रस्त्यावरचे जुने गाव. आता पुरते शहर झालेले. तेथे मोठी कृषी उपज मंडी आहे, जवळच नबीबागेत १९८८ साली स्थापन झालेली भारतीय मृदा विज्ञान संस्था आहे. त्याच रस्त्याने पुढे गेले की दोस्त मोहंमद खानाची पहिली राजधानी लागते. बरीच वर्षे तिचे नाव इस्लामनगर होते, २०२३ साली ते पुन्हा जगदीशपूर झाले. तेथल्या चमन महालात मुघल पद्धतीची बाग आणि कारंजी आहेत. इराणी विणकरांनी अशा चौरस बागा पाहून गालिचे विणले. आता गालिचा पाहून पाण्याखाली बाग लावली जाते. कलेचा हा फेरा मोठा गमतीचा आहे.

करोंदच्या एका मराठी घरात, नातवाने ही पेटी मांडली होती. विकतच्या परदेशी मातीला पैसे नव्हते. त्याने शेतातली काळी माती आणून चाळली, काडीकचरा काढला, पेटीत दोन बोटांचा थर दिला आणि वर तेवढीच धुतलेली जाड वाळू पसरली. काळ्या मातीचे दोन गुण आपल्याला परिचित आहेत: ती अन्न धरून ठेवते आणि भिजली की फुगून सारे पाणी गढूळ करते. वाळूचे पांघरूण त्यासाठी. मग चिमट्याने जलब्राह्मीचे आणि चौपतियाचे बारके तुकडे बोट-बोट अंतराने खोचले. पाणी मात्र भरले नाही. माती ओली ठेवली, पेटीवर प्लॅस्टिक ताणले आणि दिवसाला आठ-दहा तास दिवा लावून महिनाभर वाट पाहिली. मुळे धरली, फुटवे एकमेकांना भिडले, तेव्हा ताटली ठेवून तिच्यावर हळूहळू धार सोडत पेटी भरली. या रीतीला ‘ड्राय स्टार्ट’ म्हणतात, असे त्याने आजीला समजावले. आजी म्हणाली, “अरे, ही तर गाळपेर! फक्त तुझी गंगा उलटी. आमच्याकडे आधी पाणी हटतं, मग पेरतात.”

आजीबाईंचे बोलणे शास्त्राला धरून आहे. धरणाचे, तलावाचे पाणी हिवाळ्यात मागे सरते आणि उघड्या पडलेल्या गाळात शेतकरी हरभरा, गहू, भाजीपाला घेतो, ती गाळपेर. आपल्या या खुज्या वनस्पती हेच करीत आल्या आहेत. पाणी ओसरले की ओल्या गाळावर त्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मनमुराद घेतात, पसरतात, फुलतात, बी टाकतात. पाऊस आला की वर पाणी चढते. मग त्या पाने बदलतात. हवेतले पान जाड, पाण्यातले पातळ आणि नाजूक. एकाच मुळावर दोन तऱ्हांची पाने! काठावर राहायचे तर दोन्ही राज्यांत जगता आले पाहिजे, हे त्यांना कोणी शिकवले नाही. जपानमध्ये उपकरणांनी जे साधले, ते ऋतुचक्र फुकट करीत होते. करोंदच्या पेटीत वायूची नळी नव्हती म्हणून गालिचा सावकाश झाला आणि वैशाखात पाणी तापल्यावर थोडा पिवळाही पडला, पण झाला.

आणि येथेच खरा प्रश्न उभा राहतो. भोपाळच्या मोठ्या तलावाची पूर्ण पातळी १६६६.८० फूट. पावसाळ्यात वर्तमानपत्रे हा आकडा क्रिकेटच्या धावसंख्येसारखी छापतात. तो गाठला की भदभद्याचे दरवाजे उघडतात. २००८ चा पाऊस अपुरा पडला आणि २००९ च्या उन्हाळ्यात तलाव इतका आटला की, शहराने श्रमदानाने त्याचा गाळ उपसला. २००२ सालीच हा तलाव रामसर यादीत आला आहे, म्हणजे त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा दर्जा आहे. पण आपण सारे तलाव मोजतो ते पाण्यावरून, खोलीवरून. त्याचा काठ कोणी मोजत नाही. सौंदर्यीकरण म्हटले की काठाला उभी दगडी भिंत येते, भिंतीला लागून रस्ता, रस्त्यावर दिवे. भिंतीपाशी पाणी वरखाली होते, पण पुढे-मागे होत नाही. जो सौम्य उतार वर्षातून चार-सहा महिने ओला आणि चार-सहा महिने उघडा राहतो, तो नाहीसा होतो आणि त्याच्याबरोबर हा सारा खुजा संसारही. हे एकट्या भोपाळचे नाही. आपापल्या गावचे तळे आठवून पाहावे.

करोंदच्या दक्षिणेला, फार लांब नाही, युनियन कार्बाइडचा बंद कारखाना आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली ती रात्र सर्वांना माहीत आहे. पण वायू विरल्यावर जे जमिनीत राहिले, ते पाण्यात उतरले. कारखान्याभोवतीच्या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २००४ साली द्यावा लागला आणि कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा पिथमपूरला हलवायला २०२५ साल उजाडले. हातपंपातून येणारे ते पाणी दिसायला स्वच्छच असे. पाण्याचा तळ आणि तळाखालची माती यांकडे पाहायचे राहून गेले की त्याची किंमत कोण देते, हे त्या वस्त्यांनी दाखवून दिले आहे. त्या शहरातला एक मुलगा काचेतून तळ निरखतो, माती चाळतो, पाणी आणि माती यांचा हिशेब शिकतो, ही मला नुसती हौस वाटत नाही.

हौसेची एक जबाबदारीही आहे. हायड्रिला हे आपल्याकडचे साधे शेवाळ. १९५० च्या दशकात ते श्रीलंकेतून अमेरिकेत फ्लोरिडाला गेले ते मत्स्यपेटीसाठीच. तेथून कालव्यांत सुटले आणि काही वर्षांत नद्या कोंडू लागले. जलपर्णी उलट दिशेने, दक्षिण अमेरिकेतून, फुलाच्या शोभेसाठी आपल्याकडे आली. तिने आपली तळी कशी गिळली ते सांगायला नको. म्हणून पेटी मोडायची झाली तर परदेशी गालिचा तळ्यात किंवा नाल्यात टाकू नये. उन्हात वाळवून मगच फेकावा. आणि तळ्याकाठचे उपटून आणायचे, तर चिमूटभरच आणावे. पेटीत ते आपोआप वाढते, तोच तर त्याचा गुण आहे.

आपण सीमेवरची माणसे घरात एक भाषा बोलतो, बाजारात दुसरी. मुले शाळेत तिसरी शिकतात आणि पेटीतल्या झाडांची नावे चौथीत, लॅटिनमध्ये, पाठ करतात. करोंदचा मुलगा ग्लॉसोस्टिग्मा बिनचूक म्हणतो. आजी गाळपेर म्हणते. दोघांपैकी एकाचाच शब्द उरला तर त्या झाडाची निम्मीच हकिकत उरेल: एकाजवळ कूळ आहे, दुसऱ्याजवळ ऋतू. शाळेच्या निसर्गवहीत मराठी, शेजारची भाषा आणि शास्त्रीय नाव असे तीन रकाने आखावेत. मराठीचा रकाना कोरा राहिला तर गावातल्या कोळी-भोयांना, शिंगाडे काढणाऱ्यांना विचारून भरावा, असे मी शिक्षकबंधूंना सुचवतो.

हा अंक हाती पडेल तेव्हा पावसाळा सरलेला असेल. दिवाळीनंतर तळ्यांचे पाणी रोज थोडे थोडे मागे जाऊ लागते आणि त्याच्या मागोमाग काठच्या ओल्या गाळावर नखापेक्षा लहान पानांची हिरवी साय धरू लागते. मार्गशीर्षात तिला मोहरीएवढी फुले येतात. ती उभ्याने दिसत नाहीत. चिखलाची पर्वा न करता उकिडवे बसावे लागते आणि मुलांना हे आपल्यापेक्षा चांगले जमते. त्यांना घेऊन जावे.